घरच्या घरी वस्तऱ्याला धार: खरे काम पहिल्याच दगडावर

वस्तऱ्याला धार लावायला शिकताना माझे पहिले तीन महिने फुकट गेले. वस्तरा दाढी ओढायचा, म्हणून मी आणखी बारीक दगड आणला. त्यावर तासन्‌तास घासले. बेव्हल, म्हणजे धारेलगतची अरुंद पट्टी, आरशासारखा चमकायला लागला आणि दाढी मात्र पूर्वीसारखीच ओढली जात राहिली. शेवटी एका जाणत्या माणसाने पाते भिंगाखाली धरले आणि इतकेच विचारले, "हजारीवर किती वेळ दिलास?" हजारी म्हणजे सुरुवातीचा, सगळ्यात खरखरीत दगड. मी म्हटले, पाच मिनिटे. त्याने वस्तरा मिटला आणि काही न बोलता माझ्या हातात परत दिला.

त्या पाच मिनिटांची दुरुस्ती करण्यासाठीच हे लिहितो आहे. बाकीच्या पायऱ्याही सांगेन, पण हजारी दगडाला जास्त जागा देणार आहे.

आधी पाते नीट बघा

हे सगळे अखंड पात्याच्या वस्तऱ्याबद्दल आहे. अर्धे ब्लेड मोडून बसवायचा जो वस्तरा असतो, त्याला धार लावायचा प्रश्नच येत नाही. पात्याची जाड बाजू म्हणजे पाठ. धारेच्या मुठीकडच्या शेवटाला टाच म्हणू आणि दुसऱ्या शेवटाला टोक. बहुतेक पात्यांच्या दोन्ही बाजू आत कोरलेल्या असतात. त्यामुळे पाते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि धार एवढ्या दोनच जागा टेकतात.

सुरीला धार लावताना कोन आपल्या मनगटाला सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो घडवणाऱ्यानेच बसवून दिलेला असतो. पाते १९ मिमी रुंद आणि पाठ ५.५ मिमी जाड असेल, तर धारेचा पूर्ण कोन साडेसोळा अंशांच्या आसपास येतो. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच सुऱ्यांचा कोन ३० ते ४० अंश असतो. म्हणून पाते दगडावर असताना पाठ कधीही उचलायची नाही. "जरा उचलून घासले की लवकर लागेल" हा मोह सुरीची सवय असलेल्या हाताला हमखास होतो.

धारेला लागून दोन्ही बाजूंना एक अरुंद, चकचकीत पट्टी दिसेल. हाच बेव्हल. दोन बाजूंचे बेव्हल जिथे भेटतात ती रेघ म्हणजे धार. ही भेट टाचेपासून टोकापर्यंत अखंड झाली पाहिजे. मध्ये तीन-चार मिलिमीटरवर जरी ती राहून गेली, तरी गालावर नेमकी तेवढीच जागा ओढते.

शिकायला वस्तरा कोणता घ्यावा? शक्य असेल तर दोन. एक जाणकाराने धार लावून दिलेला, दाढीला तयार. चांगली धार गालावर कशी लागते हे त्यावरून कळते, आणि ते कळल्याशिवाय आपण लावलेली धार चांगली की वाईट हे ठरवायचे कशाच्या आधारावर? दुसरा साधा, सरावाचा. नवीन वस्तरा डब्यातून काढला की दाढीला तयारच असेल असे धरून चालू नका. कारखान्यातून आलेली धार पुष्कळदा दगडावर पुन्हा घ्यावी लागते.

जुना घेत असाल तर त्यात काय बघायचे ते सांगतो. धारेजवळ गंजाचे खड्डे नकोत. वरून पुसला गेलेला गंज आत शिरलेला असतो, आणि दगडावर धार तिथवर पोचली की तुटते. पाते टेबलाच्या सपाट काचेवर ठेवून बघा, पिळलेले असेल तर डुगडुगते. धार मध्यभागी आत गेलेली असेल तर पहिल्या सरावासाठी तो नको. किंचित बाहेर आलेली, हसरी धार चालते, पण हात थोडा वेगळा चालवावा लागतो. पाठीवर एका ठिकाणी रुंद आणि दुसरीकडे अरुंद अशी झीज दिसली तर आधीच्या मालकाने जोर लावला होता असे समजा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कुजायला लागल्या की त्यातून आम्लधर्मी वाफा सुटतात आणि पाते आतून गंजते, तेव्हा मूठ चिकट झालेली किंवा तडकलेली असेल तर तो वस्तरा सोडून द्या. आणि दुसऱ्याचा वापरलेला वस्तरा आणल्यावर पहिले काम त्याला साबणाने धुऊन अल्कोहोलने पुसण्याचे. ज्या वस्तऱ्याने एक माणूस दाढी करतो तो दुसऱ्याने वापरायचा नाही, घरातल्यानेही नाही.

धार खरेच गेली आहे का?

दगड काढण्यापूर्वी हे विचारायला हवे. पुष्कळदा वस्तऱ्याला दगडाची नव्हे, चामड्याच्या पट्ट्याची गरज असते. कोरड्या चामड्यावर साठेक फेऱ्या मारून (रीत पुढे 'पट्टा'मध्ये आहे) दाढी करून बघा. तरीही ओढत असेल तर मग दगड.

केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद बोथट कसे होते, हे कोडे मलाही होते. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात त्याचे उत्तर मांडले. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असते, तरी धार नुसती झिजून जात नाही. केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसली, की धारेचा बारीकसा कपचा उडतो. त्यांचे प्रयोग वापरून फेकायच्या रेझरवर झाले होते. माझ्या मते त्यातून वस्तरेवाल्यानेही एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. गरम पाण्याने दाढी नीट भिजवली की केस मऊ होतात आणि धार जास्त दिवस टिकते.

सामान

१०००, ४००० किंवा ५०००, आणि ८००० ग्रिट असे तीन कृत्रिम पाण्याचे दगड. पुढे १२०००चा एक. ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. एवढ्यात आयुष्यभराचे काम भागते. आकार साधारण २०० बाय ७० मिमी. हे आकडे जपानी मोजणीचे आहेत: १००० ग्रिटमध्ये कणाचा सरासरी आकार ११-१२ मायक्रॉन, ४०००मध्ये ३ आणि ८०००मध्ये सव्वा मायक्रॉनच्या जवळपास. सँडपेपरवरचे आकडे वेगळ्या मोजणीचे असतात, त्यांची सरमिसळ करू नका. आणि सुऱ्या-कात्र्यांसाठी मिळणारा दोन तोंडांचा काळा कार्बोरंडम निसणा वस्तऱ्याला लावू नका. त्याची बारीक बाजूसुद्धा या कामाला फार खरखरीत असते.

नैसर्गिक दगडांची वेगळीच दुनिया आहे. बेल्जियममधल्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल, ज्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. जर्मनीतला थुरिंजियाचा दगड. जपानमध्ये क्योटोच्या परिसरातले दगड. त्यांच्यावर जीव जडलेली माणसे मला माहीत आहेत, मी त्यातलाच. पण तिथे प्रत्येक दगडाचा स्वभाव निराळा असतो. शिकताना चूक हाताची की दगडाची हेच कळेनासे होते. वर्षभर थांबा.

बाकी लागते ते असे: दगड सपाट करायला हिऱ्याची प्लेट, साधारण ३२५ ते ४०० ग्रिटची, ती नसेल तर जाड सपाट काचेवर पाण्याचा सँडपेपर. काळा मार्कर. ३० ते ६० पट दाखवणारे छोटे भिंग. एकाच बाजूने उजेड देणारा टेबलदिवा. चामड्याचा पट्टा. विजेच्या कामाची चिकटपट्टी. आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. तो कशाला ते पुढे येईल.

चिकटपट्टीबद्दल दोन पक्ष आहेत. पाठीवर तिचा एक थर लावला तर पाठ झिजत नाही, आणि ज्यांच्या पाठीवर नक्षी किंवा सोनेरी काम आहे ते वस्तरे वाचतात. तिची जाडी ०.१५ मिमीच्या आसपास असते, म्हणजे कोन सुमारे १ अंशाने वाढतो. पूर्वीच्या माणसांनी टेपशिवायच धार लावली, आणि पाठ व धार सोबत झिजत गेली की कोन तसाच राहतो, हा दुसऱ्या पक्षाचा मुद्दाही खरा आहे. मी नवशिक्याला टेप लावायला सांगतो, कारण त्याचा हात जड असतो. फक्त एकदा लावली की प्रत्येक दगडावर लावायची. मध्येच काढली तर कोन बदलतो आणि बारीक दगड धारेपर्यंत पोचतच नाही. दगड बदलताना नवी लावा, कारण झिजलेल्या टेपमध्ये जाड दगडाचे कण अडकलेले असतात.

दगड सपाट करा

नवा दगड सपाट असेलच असे नाही. पृष्ठभागावर पेन्सिलने चौकटी आखा, पाणी टाकून हिऱ्याच्या प्लेटवर घासा. रेषा सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या की काम झाले. मध्येच एखाद्या रेषेचा तुकडा उरला तर तिथे खळगा आहे. दगडाच्या चारही कडा प्लेटवर तिरक्या घासून बोथट करा, नाहीतर त्यांच्या टोकदारपणाने धारेला खाच पडते. काही दगड वापरण्यापूर्वी भिजवावे लागतात, काहींवर पाणी शिंपडले की पुरते, आणि मॅग्नेशियाच्या बंधाने बांधलेले दगड पाण्यात बुडवून ठेवले तर चिरतात. दगडासोबत आलेला कागद फेकून देण्यापूर्वी वाचा.

हजारी

दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. उंची अशी की उभे राहिल्यावर कोपर अंगापासून सुटे राहील. बोटात अंगठी असेल तर काढा. लहान मुले, पाळीव प्राणी, फोन हे सगळे दुसऱ्या खोलीत.

वस्तरा अंगठा आणि तर्जनीने पाते व मूठ यांच्या मधल्या जाड भागावर धरा. मूठ पात्याच्या सरळ रेषेत मोकळी राहू द्या. पाते दगडावर सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. आता धार पुढे ठेवून ढकला, जणू दगडाचा अगदी पातळ पापुद्रा काढायचा आहे. दुसऱ्या टोकाला पोचलात की पाते पाठीवरून उलटे करा. उलटताना पाठ दगडावरच राहते आणि धार वरून फिरून पलीकडे येते. मग धार पुढे ठेवूनच परत. ही एक फेरी झाली. धारेवरून उलटायचे कधीही नाही.

पात्याची धार साधारण ७० ते ७५ मिमी लांब, म्हणजे बहुतेक दगडांच्या रुंदीइतकी किंवा तिच्याहून किंचित जास्त. म्हणून सरळ न ढकलता तिरके ओढतात. सुरुवातीला टाच दगडावर असते, आणि पुढे जाता जाता पाते हळूहळू बाजूला सरकवत शेवटी टोक दगडावर येते. दोन्ही दिशांच्या वाटा मिळून फुलीचा आकार होतो. टोक किंचित मागे, टाच किंचित पुढे ठेवली तर हे सोपे जाते. हसऱ्या धारेला हाच हात वाटेत हलकेच वळवावा लागतो, जेणेकरून प्रत्येक भाग आपापल्या क्षणी दगडाला टेकेल.

पहिली फेरी मारण्यापूर्वी दोन्ही बेव्हलवर मार्करची शाई फासा. मग जोर न लावता दोन फेऱ्या, आणि बघा. शाई जिथे उरली तिथे दगड पोचत नाही. धारेच्या अगदी कडेला शाईची बारीक रेघ उरली तर बेव्हल वरच्या भागात घासला जातोय आणि धारेपर्यंत पोचायला अजून अवकाश आहे. टाचेकडे शाई उरली तर पात्याच्या मुळाशी जो जाड उंचवटा असतो तो दगडावर चढत असण्याची शक्यता फार, तेव्हा पाते थोडे बाहेर सरकवा. मी पहिल्या तीन महिन्यांत हा मार्कर वापरला असता तर हा लेख अर्धाच झाला असता.

जोराचे काय? वजनकाट्यावर दगड ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि हात चालवून बघा. आपण "अगदी हलका" म्हणतो तो हात पुष्कळदा अर्ध्या किलोचा निघतो. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन ५० ते ७० ग्रॅम असते. हजारीवर सुरुवातीला मी २०० ते ३०० ग्रॅमपर्यंत जातो आणि शेवटच्या वीसेक फेऱ्यांत शंभराच्या खाली उतरतो. पातळ पाते जास्त दाबले तर वाकते. मग धारेमागचा भाग दगडाला लागतो आणि धार हवेत राहते. पात्यावर बोट दाबून "नेमके तिथेच" घासायचा प्रयत्न तर अजिबात नको.

वीस-तीस फेऱ्यांनंतर थांबा, पाते पुसा, तपासा. धार दिव्याकडे वर करून बघा आणि हळूहळू झुलवा. खऱ्या धारेला रुंदी नसते, त्यामुळे ती उजेड परतवत नाही, काळी दिसते. कुठे चमकता ठिपका किंवा रेघ दिसली की तिथे दोन बेव्हल अजून भेटलेले नाहीत किंवा खाच आहे. मग भिंगातून दोन्ही बाजू बघा: दगडाचे ओरखडे धारेच्या अगदी कडेपर्यंत जातात का? मधल्या वाटेतच थांबत असतील तर घासायचे बाकी आहे.

त्यानंतर हातावरचे केस. पाते कातडीला लागून हलकेच फिरवायचे, टाच, मध्य, टोक, तीनही ठिकाणी वेगवेगळे. हजारीवरून उतरलेल्या पात्याने तिन्ही ठिकाणी केस सहज जायला हवेत. दोन ठिकाणी गेले आणि एका ठिकाणी नाही, म्हणजे झाले नाही. "पुढच्या दगडावर सुधारेल" असे मन सांगते. ते खोटे बोलते. आठ हजारी दगड इतके थोडे पोलाद काढतो की हजारीवर राहिलेले अंतर तो भरून काढायला तुम्हाला आठवडा लागेल. नखावर धार टेकवून ती अडखळते का हे बघायची रीतही आहे. ती करायची असेल तर याच टप्प्यावर करा, पुढे नको. नखाने बारीक धार मोडते.

किती फेऱ्या, असा प्रश्न हमखास येतो. बरा असलेला वस्तरा चाळीस-पन्नास फेऱ्यांत होतो, खाचा पडलेल्या वस्तऱ्यावर माझी संध्याकाळ गेलेली आहे. मोजू नका, तपासा. एकाच बाजूला सलग जास्त घासले तर पलीकडे पोलादाची बारीक कोर उलटते, वर्कशॉपात जिला बर म्हणतात. म्हणून दोन्ही बाजूंचे हात सारखे ठेवा आणि शेवटी बाजू बदलत हलक्या फेऱ्या मारा. पाणी मध्येमध्ये टाकत राहा. धार नीट बसत आली की एक गंमत दिसते: पाते पुढे सरकताना समोरचे पाणी ढकलले न जाता धारेवर चढून पात्यावर येते. टाचेपासून टोकापर्यंत सारखे पाणी चढायला लागले की मला भिंगाआधीच अंदाज येतो.

चार हजार, आठ हजार

इथून पुढे ओरखडे पुसायचे आहेत, आकार द्यायचा नाही. वस्तरा आणि हात धुऊन घ्या, हजारीचा एक कण जरी बारीक दगडावर आला तरी नवा ओरखडा पडतो. चार किंवा पाच हजारीवर पंधरा-वीस फेऱ्या, भिंगातून बघा, हजारीचे खोल ओरखडे गेले नसतील तर आणखी. ते एका बाजूचे गेले आणि दुसरीचे नाहीत असे होते. आपला एक हात नेहमी आळशी असतो.

आठ हजारीवर जोर नाहीच. वस्तऱ्याचे वजन आणि दिशा देण्यापुरती बोटे. दगड पाते धरून ठेवतोय, चिकटल्यासारखे वाटतेय, असे होईल; तसे झाले तर पृष्ठभाग जुळला. वीस-तीस फेऱ्या पुरतात. हातावरचे केस आता कातडीपासून थोड्या अंतरावरच तुटायला हवेत. या दगडावरून उतरलेल्या वस्तऱ्याने दाढी होते, आणि पहिल्या काही वेळा मी इथेच थांबायला सांगेन. बारा हजारीने दाढी जास्त मुलायम होते, पण तो दगड घरात असला की हजारीवरचा आळस लपवायला आपण त्याच्याकडे पळतो. मी पळालो आहे. वापरायचाच झाला तर स्वच्छ पाण्यावर दहा-पंधरा फेऱ्या, हात पिसासारखा.

पट्टा

दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. हे उलटे झाले तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. प्रत्येकाच्या पहिल्या पट्ट्यावर अशी एखादी चीर असते, म्हणून पहिला पट्टा साधा घ्या.

पट्टा ताणून धरा, सैल सोडला की चामडे धारेभोवती वळते आणि तिला गोल करते. पाते सपाट, पाठ टेकलेली, ओढत न्या, पाठीवरून उलटा, परत आणा. आधी कापडी पट्टीवर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास-साठ. वेगाचे कौतुक नको. सिनेमात दिसते तसे सटासट हात चालवणाऱ्याने आधी दोन-चार वर्षे सावकाश चालवलेला असतो.

पहिली दाढी

एक केस दोन बोटांत धरून धारेवर सोडायचा, तो तुटला की धार उत्तम, अशी एक परीक्षा आहे. ती बघायला छान वाटते. पण केसाची जाडी, कोरडेपणा, तो मुळाकडून धरला की टोकाकडून, यावर निकाल बदलतो. खरी परीक्षा गालावर.

गरम पाण्याने दाढी दोन-तीन मिनिटे भिजवा, दाट फेस करा. पहिल्या वेळी फक्त गाल. हनुवटी आणि गळा रोजच्या रेझरने करा. कातडी दुसऱ्या हाताने ताणा, पाते कातडीशी साधारण ३० अंशांत, केसांच्या दिशेने, लहान हात. पाते आडवे सरकवायचे नाही, कातडी चिरते ती त्यानेच. तुरटी जवळ ठेवा.

गाल काय सांगतो ते ऐका. सगळीकडे सारखे ओढत असेल तर हजारीवर परत जा, मधल्या दगडांवर वेळ घालवू नका. एकाच भागात ओढत असेल तर मार्कर काढा, त्या भागापर्यंत दगड पोचलेला नाही. केस सहज कापले जातात पण कातडी चुरचुरते, लाल होते, असे असेल तर बेव्हल ठीक आहे, शेवट कमी पडला. आठ हजारीवर दहा हलक्या फेऱ्या आणि पट्टा. पहिले दोन हात छान आणि मग अचानक बोथट, ही बर राहिल्याची खूण. आणि काल छान होता, आज ओढतो, तर आठवा, धुताना पाते नळाच्या तोंडाला लागले होते का? माझे दोन वस्तरे तसेच गेले.

निगा

दाढी झाली की पाते धुवा, पुसा, पाठीकडून धारेकडे, आणि उघडेच थोडा वेळ राहू द्या. मूठ बसवलेल्या खिळ्याजवळ पाणी शिरू देऊ नका, तिथला गंज दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दमट हवेत किंवा काही दिवस वापरायचा नसेल तर मिनरल ऑइलचा एक थेंब पात्यावर पसरवा. चामड्याच्या बंद पाकिटात ठेवू नका, चामडे ओल धरते.

दर दाढीपूर्वी पट्टा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, दाढी किती दाट आणि किती वेळा यावर ते अवलंबून आहे, ओढ जाणवायला लागेल. तेव्हा क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावलेल्या वेगळ्या पट्ट्यावर आठ-दहा फेऱ्या, किंवा आठ हजारीवर दहा. हे तीन-चार वेळा चालते. त्यानंतर तेवढ्याने भागेनासे होते, कारण पेस्टच्या मऊ पट्ट्याने धार हळूहळू गोलसर होत जाते. त्या दिवशी नवी टेप लावा, मार्कर काढा आणि हजारी दगड सपाट करायला घ्या.